एक्स-रे धूसर का येतो?

टोकावड्याजवळच्या एखाद्या पाड्यावरचा मजूर तीन आठवडे खोकतो आहे, अशी कल्पना करा. एका दिवसाची मजुरी बुडवून तो मुरबाडला येतो. डोळखांबकडचा असेल तर शहापूर गाठतो. तेथे त्याच्या छातीचा एक्स-रे निघतो. आपल्याकडे त्याला सरळ ‘फोटो’च म्हणतात. हा फोटो धूसर आला तर? क्षयाचा लहानसा डाग त्यात हरवून जाईल, नाहीतर फोटो पुन्हा काढावा लागेल. म्हणजे शरीरात किरणांची मात्रा दुप्पट आणि कदाचित आणखी एक खेप! म्हणून चित्र पहिल्याच वेळी चांगले यायला हवे. ते कशावर अवलंबून असते हे आता पाहू.

एक्स-रे म्हणजे खरे तर सावली. घरी एक प्रयोग करा. मोबाइलच्या टॉर्चसमोर पेन्सिल धरा. भिंतीवर रेखीव सावली पडेल. आता टॉर्च बंद करून समोरच्या भिंतीवरची आडवी ट्यूबलाइट लावा आणि पेन्सिल उभी धरा. सावलीच्या कडा पुसट होतील. पेन्सिल भिंतीला टेकवली की ती पुन्हा स्पष्ट होईल. यावरून काय कळते? उगम लहान हवा, तो दूर हवा आणि वस्तू पडद्याजवळ हवी. म्हणूनच फोटोच्या वेळी छाती पाटीला चिकटवायला सांगतात आणि नळी सुमारे 180 सेंटिमीटर लांब ठेवतात.

मग उगम अगदी सुईच्या टोकाएवढा का करत नाहीत? अडचण उष्णतेची आहे. राँटगेन यांनी 1895 साली क्ष-किरण शोधले आणि 1913 साली कूलिज यांनी तापलेल्या तारेची निर्वात नळी बनवली. आजच्या नळ्या त्याच तत्त्वावर चालतात. ऋणाग्राच्या तारेतून निघालेले इलेक्ट्रॉन वेगाने धावत जाऊन धनाग्रावरच्या टंगस्टनवर आदळतात. त्यांच्या ऊर्जेतील जेमतेम 1 टक्का क्ष-किरणांत जातो, बाकी सर्व उष्णता! टंगस्टन सुमारे 3400 अंश सेल्सिअसला वितळते खरे, पण सारा मारा एका बारीक ठिपक्यावर झाला तर तेही टिकणार नाही.

यावर दोन युक्त्या आहेत. पहिली, टंगस्टनचा पृष्ठभाग तिरका ठेवायचा. तिरकी धरलेली पट्टी आखूड दिसते ना? उतार 15 अंशांचा असेल तर 4 मिलिमीटर लांबीचा ठिपका रुग्णाच्या बाजूने 4 × साइन 15°, म्हणजे सुमारे 1 मिलिमीटरच दिसतो. उष्णता पसरते, पण उगम लहान राहतो. दुसरी युक्ती पापड भाजण्यासारखी. पापड एका जागी करपू नये म्हणून आपण तो निखाऱ्यावर फिरवत राहतो. तसेच धनाग्राची तबकडी मिनिटाला सुमारे 3000 फेरे फिरवली की मारा प्रत्येक क्षणी नव्या जागेवर पडतो.

आता यंत्राची बटणे पाहू. किलोव्होल्ट वाढवले की किरण अधिक भेदक होतात. हाताच्या पंजाला 50च्या आसपास पुरतात. छातीला 110 ते 120 वापरण्याची पद्धत आहे. भेदकता वाढली की हाड आणि मांस यांच्या छटांतला फरक कमी होतो. छातीत मात्र याचा फायदाच होतो. बरगड्या फिक्या पडतात आणि त्यांच्यामागे लपलेले फुप्फुस दिसू लागते.

मिलिअँपिअर आणि सेकंद यांचा गुणाकार किरणांचे प्रमाण ठरवतो. 100 मिलिअँपिअर 0.2 सेकंद घ्या, किंवा 400 मिलिअँपिअर 0.05 सेकंद घ्या; दोन्हींचा गुणाकार 20. मग निवड कोणती करावी? हृदय थांबत नाही आणि रुग्णाला खोकला कधीही येईल. तेव्हा कमी वेळाची! मात्र मोठा प्रवाह सोसायला नळीही तशी दणकट हवी.

किरण फार कमी पडले तर चित्र रवाळ दिसते. जास्त पडले तर जुन्या फिल्मवर ते काळे पडून चूक लगेच कळत असे. आजचा संगणक उजळपणा आपोआप सावरून घेतो, त्यामुळे जादा मात्रा लक्षातही येत नाही. म्हणून तंत्रज्ञाची दक्षता आज अधिकच हवी.

क्षय शोधण्यासाठी हातात उचलून नेता येतील अशी बॅटरीवरची यंत्रेही आता निघाली आहेत. ती पाड्यावर नेली तर मजुराची खेप वाचेल. पण हलक्या नळीत प्रवाह थोडाच असतो, म्हणून वेळ अधिक लागतो. अशा वेळी “श्वास घ्या, रोखून धरा” ही सूचना फार मोलाची. ती पाळणारा रुग्णही चित्र स्पष्ट आणण्यात वाटा उचलत असतो.

जाता जाता एक गणित : 200 मिलिअँपिअरला 0.1 सेकंद पुरतो, तर 5 मिलिअँपिअरच्या यंत्राला तेवढ्याच किरणांसाठी किती वेळ लागेल? इतका वेळ तुम्हांला श्वास रोखता येईल, पण हृदयाचे काय? विचार करा.