साष्टींतील पाद्र्याचा आदितवार

तोमास स्तीफन्स हा इंग्रज जेझुइट पाद्री १५७९ त गोव्यास उतरला, आणि १६१९ त निवर्तेपर्यंत त्याचें बहुतेक आयुष्य साष्टी प्रांतांत गेलें. त्याचें 'ख्रिस्तपुराण' आपण काव्य म्हणून वाचतों. तत्कालीन पाद्र्याच्या नित्यक्रमाचें साधन म्हणूनहि तें आम्हांस मोलाचें वाटतें.

ग्रंथारंभींचाच प्रसंग पाहावा. आदितवारीं मुलांस धर्मपाठ देणें चाललें असतां एक नवख्रिस्ती ब्राह्मण येऊन विचारतो, मागलीं पुराणें तुम्हीं वारलीं, तर त्यांच्या ठायीं दुसरें कां देत नाहीं? प्रश्न वरवरचा नव्हे. १५६७ त साष्टींतील देवळें पाडलीं गेलीं, त्यांबरोबर पुराणश्रवणाची बैठकहि मोडली. सकाळची मिस आटोपल्यावर सणाची दुपार रितीच राही. ती ओंवीनें भरावी हें पाद्र्यास सुचलें, यांत त्याची मार्मिकता खरीच. परंतु ती रिती केली होती त्याच्याच पक्षानें, हें दृष्टीआड करतां येत नाहीं.

देशी लिपींत ग्रंथ छापावे ही त्याची इच्छा १६०८ च्या पत्रांत आहे. अडचण सांच्यांची! युरोपांत २४ पुरत, येथें सुमारें ६०० लागत. म्हणून १६१६ त राशोल येथें पुराण निघालें तें रोमन अक्षरांत. आदितवारीं व सणावारीं देवळांत तें वाचलें जाई. ऐकणारांस लिपीशीं काय कर्तव्य? १६४९ व १६५४ त तें पुन्हा छापलें, तथापि तिन्ही आवृत्त्यांपैकीं एकहि प्रत उपलब्ध नाहीं. १९०७ ची मंगळूरची आवृत्ति सिद्ध झाली ती ख्रिस्ती घराण्यांनीं जपलेल्या हस्तलिखितांवरून.