काळी-पिवळीचं माहेर इटलीत



मुंबईची जुनी टॅक्सी तुम्हाला नक्की आठवत असेल. खाली काळी, वर पिवळी. टपावर लोखंडी कॅरिअर, त्यावर दोरीने आवळलेली ट्रंक, वळकटी आणि गावाहून आलेलं तांदळाचं पोतं. स्टेशनातून बाहेर पडलं की पहिली भेट तिचीच व्हायची. ती गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. नाव चितोडच्या राणीचं, पण लोक शेवटपर्यंत तिला फियाटच म्हणत राहिले. ते चूकही नव्हतं, कारण फियाट हे तिच्या माहेरचं नाव. मी देवनारला राहते. इथून जवळच, कुर्ल्याला, ही गाडी बनायची. ते तिचं सासर म्हणा. माहेर मात्र इटलीत, तोरिनो नावाच्या शहरात.

फियाट कंपनी १८९९ साली सुरू झाली. फियाट ही चार इटालियन शब्दांची आद्याक्षरं आहेत. त्यांचा अर्थ एवढाच, की तोरिनोचा इटालियन मोटार कारखाना. १९३७ साली या कंपनीने एक छोटं इंजिन काढलं. चार सिलिंडरचं, १०८९ सीसीचं. सिलिंडर म्हणजे आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचा नव्हे बरं का. इंजिनात पेट्रोल आणि हवा जिथे पेटते, त्या पोकळ नळकांड्याला सिलिंडर म्हणतात. चारही नळकांड्यांची पोकळी मिळून एक लिटरहून थोडी जास्त, म्हणजे १०८९ सीसी. त्यावरून गाडीला नाव पडलं अकराशे, इटालियन भाषेत मिलेचेंतो.

आता गंमत ऐका. फेरारी हे नाव तुमच्या मुलांना विचारा. लाल रंगाची, जमिनीला टेकलेली, वाऱ्यासारखी पळणारी शर्यतीची गाडी ते लगेच सांगतील. ती कंपनी काढणारे एन्झो फेरारी हेही इटलीचेच, मोदेना गावचे. आधी ते अल्फा रोमियो नावाच्या कंपनीकडे शर्यतींचं काम बघत. १९३९ साली तिथून बाहेर पडले तेव्हा अट होती, की चार वर्षं स्वतःच्या नावाने या धंद्यात उतरायचं नाही. नाव वापरायचं नाही तर नाही, गाडी तर करू, असं त्यांनी ठरवलं. हाताशी भांडवल बेताचं, वेळही कमी. मग बाजारात सहज मिळणारी फियाट अकराशे त्यांनी पाया म्हणून धरली. चार सिलिंडरच्या दोन इंजिनांची रचना एकापुढे एक धरून, बरेचसे सुटे भाग फियाटचेच घेऊन, आठ सिलिंडरचं दीड लिटरचं इंजिन तयार केलं. गाडीचं नाव नुसतं ८१५. आठ सिलिंडर आणि दीड लिटर, म्हणून. अशा दोन गाड्या १९४० सालच्या मिले मिलिया या मोठ्या शर्यतीत उतरल्या. दोन्ही वाटेतच बंद पडल्या. फेरारींची स्वतः केलेली पहिली गाडी ती हीच. त्यांच्या नावाची पहिली गाडी यायला १९४७ साल उजाडलं.

आणि १०८९ सीसीचं ते इंजिन? त्यात सुधारणा होत होत तेच घराणं फियाटच्या पुढच्या अकराशे मॉडेलांत चालत राहिलं आणि तिथून कुर्ल्याला आलं. म्हणजे फेरारीची थोरली गाडी आणि आपली टॅक्सी या मावस बहिणीच झाल्या. एक शर्यतीला गेली, दुसरी भाड्याला लागली. माझ्या मते दुसरीचं काम जास्त कठीण होतं. शर्यत एका दिवसात संपते. टॅक्सी पावसात, खड्ड्यांत, ट्रॅफिकमध्ये दोन-दोन पाळ्यांत वर्षानुवर्षं चालते.

कुर्ल्याचा कारखाना काढला वालचंद हिराचंद यांनी. सोलापूरचा माणूस. इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर त्यांचंच, मालेगावजवळ रावळगावचा साखर कारखानाही त्यांचाच. रावळगावची गोळी आपण सगळ्यांनी चघळली आहे. जहाज, विमान आणि मोटार या तीन गोष्टी देशात बनल्या पाहिजेत हा त्यांचा ध्यास होता. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. सुरुवातीला अमेरिकन क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जोडल्या, मग १९५०च्या दशकात फियाटशी करार झाला. सुरुवातीच्या अकराशेला मुंबईत लोक लाडाने ‘डुक्कर फियाट’ म्हणत, तिच्या गोल नाकाडामुळे. १९६४ मध्ये चौकोनी वळणाची डिलाइट आली आणि पुढे १९७०च्या दशकात तिचंच नाव पद्मिनी झालं.

त्या काळी गाडी कोणी किती बनवायची हे सरकारच्या परवान्यावर ठरायचं. पैसे भरूनही लोक वर्षानुवर्षं नंबराची वाट बघत. स्पर्धा नव्हती, म्हणून गाडी फारशी बदललीही नाही. कंपनीच्या दृष्टीने ती आरामाची गोष्ट झाली, गिऱ्हाइकाच्या दृष्टीने नाही. पण टॅक्सीवाल्याला याचा एक फायदा झाला. गाडी तीच, म्हणून पार्टही तेच. कुर्ल्याच्या भंगार बाजारात हवा तो पार्ट मिळायचा. बॉनेट उघडलं की सगळं डोळ्यांना दिसायचं. रस्त्याकडेचा मिस्त्री पाना आणि पक्कड घेऊन दुरुस्त करायचा. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बाजूला, त्यामुळे पुढची सीट सलग बाकासारखी. एखादा जास्तीचा पाहुणा तिथे सहज मावायचा.

२००० सालाच्या सुमारास पद्मिनीचं उत्पादन थांबलं. शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. टॅक्सीचं वय जास्तीत जास्त २० वर्षं हा नियम असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावर एकही पद्मिनी टॅक्सी राहिली नाही. निदान एक तरी गाडी जपून ठेवा, अशी मागणी टॅक्सीवाल्यांच्या युनियनने केली होती. बाकीच्या बहुतेक भंगारात गेल्या. त्याउलट १९६२ सालची एक फेरारी २०१८ मध्ये अमेरिकेत लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरला विकली गेली. शर्यतीच्या गाड्यांचा वारसा जपायला श्रीमंत लोक आहेत. जिच्यावर हजारो चुली पेटल्या तिचा वारसा कोणी जपायचा, हा प्रश्न मला पडतो.

एक फियाट मात्र जपलेली आहे. लालबहादूर शास्त्री पंतप्रधान असताना घरच्यांच्या आग्रहाने त्यांनी फियाट घ्यायची ठरवली. किंमत १२ हजार, बँकेत शिल्लक ७ हजार. उरलेल्या ५ हजारांसाठी त्यांनी पंजाब नॅशनल बँकेकडे कर्ज मागितलं. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला त्यांचं निधन झालं, कर्ज तसंच राहिलं. ते ललिताबाईंनी आपल्या पेन्शनमधून फेडलं. ती गाडी दिल्लीत त्यांच्या स्मारकात ठेवली आहे. आणि कुर्ल्याचा कारखाना ज्या रस्त्यावर होता, त्याचं नाव लालबहादूर शास्त्री मार्ग.

आपल्या गटांतल्या कितीतरी घरांत हेच घडतं. गाडी त्याच्या नावावर, परमिट त्याच्या नावावर आणि तो गेल्यावर हप्ता तिच्या माथी. म्हणून दुसऱ्या अर्थाने वारसा काय ते सांगते. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ८२. परमिट असलेला माणूस वारला, तर गाडी ज्या वारसाच्या ताब्यात येते त्याला तेच परमिट तीन महिने वापरता येतं. अट अशी, की मृत्यूपासून ३० दिवसांच्या आत परिवहन प्राधिकरणाला तसं कळवायला हवं. त्याच तीन महिन्यांत परमिट आपल्या नावावर करून घेण्यासाठी अर्जही करायचा. हे टॅक्सीला लागू, रिक्षाला लागू, तुमच्याकडच्या परमिटवाल्या काळी-पिवळी जीपलाही लागू. परमिटची मुदत आधीच संपत असेल, तर नूतनीकरण वेगळं करावं लागतं. दिवसकार्याच्या धावपळीत हे ३० दिवस कधी निघून जातात कळत नाही. तेव्हा परमिट, आरसी बुक आणि कर्जाचे कागद घरात कुठे ठेवलेत, हे आजच नवऱ्याला विचारून ठेवा.