व्हायवाची परवानगी ही मेहेरबानी नव्हे, नियम आहे



प्रबंध जमा केला की पीएच.डी. झाली, असे घरच्यांना वाटते. खरी घालमेल तिथून सुरू होते. व्हायवा, म्हणजे खुली मौखिक परीक्षा, कधी लागणार ते कळत नाही आणि गाइडला विचारायची भीती वाटते. सोनईहून पुण्याला विद्यापीठात एक खेटा मारला की एका दिवसाचा रोजगार बुडतो. म्हणून नियम माहीत हवेत.

यूजीसीचे सध्याचे नियम नोव्हेंबर २०२२चे आहेत. त्याआधी नोंदणी झालेल्यांना २००९ किंवा २०१६चे नियम लागू होतात.

प्रबंध जमा करण्यापूर्वी संशोधन सल्लागार समितीसमोर सादरीकरण करावे लागते. त्यानंतर प्रबंध गाइडखेरीज किमान दोन बाहेरचे परीक्षक तपासतात. दोघांनीही स्वीकारण्याची शिफारस केली, की सुचवलेल्या दुरुस्त्या करून व्हायवा होतो. एकानेच नाकारला, तर प्रबंध पर्यायी परीक्षकाकडे जातो. त्याने मान्य केला तर व्हायवा होतो, नाहीतर प्रबंध फेटाळला जातो.

प्रबंध जमा केल्यापासून ही सारी प्रक्रिया सहा महिन्यांत संपवायची असते. व्हायवा ऑनलाइनही घेता येतो.

उशीर होत असेल तर तोंडी विनवण्या करू नका. पीएच.डी. विभागाला लेखी अर्ज द्या, प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घ्या. उत्तर आले नाही तर माहिती अधिकारात विचारा: प्रबंध परीक्षकांकडे कोणत्या तारखेला गेला, अहवाल केव्हा आले? ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

परीक्षकाने दुरुस्त्या सांगितल्या तर खचू नका. बाबासाहेबांनी ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा प्रबंध १९२२ साली लंडनमध्ये सादर केला, तेव्हा परीक्षकांनी तो बदलून आणायला सांगितले. त्यांनी मुंबईत बसून तो पुन्हा तयार करून पाठवला आणि १९२३ साली डी.एस्सी. मिळवली.

आणखी एक. व्हायवाला प्राध्यापक, संशोधक आणि विद्यार्थी बसू शकतात. आपल्यातल्या कुणाचा व्हायवा असेल, तर महाविद्यालयात शिकणाऱ्या पोरापोरींनी आवर्जून जावे. प्रश्न कसे येतात, उत्तरे कशी द्यायची, हे तिथेच कळते.

२०१३ साली तीन दलित तरुणांच्या हत्याकांडामुळे सोनईचे नाव देशभर गेले. त्या जातवास्तवावर आपल्याच मुलामुलींनी प्रबंध लिहावेत आणि भर सभेत, ताठ मानेने ते मांडावेत.