मनाचा घाव आणि लोकसेवेच्या संस्था

चांगल्या शोमरोन्याचा दृष्टांत आमच्या विद्यार्थ्यांनीं अनेक वेळां ऐकला आहे. यरुशलेमहून यरीहोस जाणारा एक वाटसरू लुटारूंच्या हातीं सांपडतो. दोघे जण त्यास पाहून बाजूनें निघून जातात. तिसरा, एक परका मनुष्य, त्याच्या जखमा बांधतो, त्यास आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेंत नेतो आणि दुसऱ्या दिवशीं तेथील रक्षकाजवळ खर्चाचे पैसे देऊन आपल्या वाटेस लागतो. पुढें त्या उतारशाळेंत काय झालें असेल, असा प्रश्न आम्हांस नेहमीं पडतो. तो जखमी मनुष्य रात्रीं दचकून ओरडला, तेव्हां रक्षकानें त्यास दटाविलें काय? दाराशीं पावलें वाजतांच तो भिंतीकडे सरकूं लागला, तेव्हां नोकर हंसले काय? येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकानें, काय झालें, कसें झालें, असें त्यास पुनः पुनः विचारलें काय? शोमरोन्याची दया एका क्षणांत जागी झाली. पण दुखावलेल्या माणसास पुढचे दिवस काढावे लागतात ते एखाद्या संस्थेंत, आणि संस्थेस दया नसते. तिला नियम असतात. ते नियम कसे असावेत, हा या लेखाचा विषय आहे.

'ट्रॉमा' हा मूळचा ग्रीक शब्द असून त्याचा अर्थ जखम असा आहे. शरीराच्या जखमेस लावला जाणारा हा शब्द पुढें मनाच्या जखमेसहि लावूं लागले. आम्ही येथें त्यास मनोघात म्हणूं. भूकंप, आगगाडीचा अपघात, घरांतील मारहाण, जवळच्या माणसाचा अकस्मात मृत्यु, अशा प्रसंगीं शरीर आपल्या रक्षणासाठीं सर्व शक्ति एकवटतें; छाती धडधडते, कान टवकारतात, पाय पळण्यास सिद्ध होतात. संकट टळल्यावर बहुतेकांच्या शरीराचा हा पहारा कांहीं काळानें उठतो. कित्येकांचा मात्र उठत नाहीं. अशा माणसास आवाज चढलेला सहन होत नाहीं, बंद खोलींत गुदमरतें, कोणी पाठीमागून हात लावला तर तो अंग चोरतो, किंवा याच्या उलट, कशाचेंच कांहीं वाटत नसल्यासारखा निश्चल बसून राहतो. तो हट्टी नसतो व बेफिकीरहि नसतो. पण कचेरींतील कारकुनास किंवा वर्गांतील शिक्षकास तो तसा दिसतो, आणि येथेंच घोटाळा होतो.

हा घोटाळा केवढा मोठा असूं शकतो व तो कसा सुधारतां येतो, याचें एक उत्तम उदाहरण इंग्लंडांतील बाल-रुग्णालयांच्या इतिहासांत सांपडतें. तें थोडें विस्तारानें सांगणें आम्हांस अवश्य वाटतें.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडांत आजारी मूल रुग्णालयांत ठेवलें म्हणजे आईबापांस तें फारसें भेटूं देत नसत. लंडनच्या कांहीं रुग्णालयांत भेट आठवड्यांतून एकदां, रविवारीं दोन तास. कोठें मूल निजल्यावर त्यास दुरून पाहण्याची परवानगी. कोठें कांचेच्या आडून. यांत क्रूरपणाचा हेतु नव्हता. भेटीस येणारीं माणसें सांथीचे रोग आणतील अशी भीति होती. शिवाय आई आली कीं मूल रडतें आणि ती गेली कीं अधिकच रडतें, हें परिचारिका रोज पाहत होत्या. आई न आली तर मूल दोन-तीन दिवस आक्रोश करतें, मग हळूहळू शांत होतें, खातें-पितें, कोणीहि जवळ आलें तरी तक्रार करीत नाहीं. 'मूल आतां रुळलें,' असें म्हणून सर्व समाधान मानीत.

सन १९४८ मध्यें जेम्स रॉबर्टसन नांवाचे गृहस्थ लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्यें डॉ. जॉन बोल्बी यांच्या हाताखालीं कामास लागले. रुग्णालयांतील मुलांचें निरीक्षण करणें हें त्यांचें काम होतें. हे रॉबर्टसन मोठे पदवीधर म्हणून या कामांत शिरले नव्हते. महायुद्धाच्या काळांत अ‍ॅना फ्रॉइड यांच्या बालगृहांत ते बॉयलर सांभाळीत. पण त्यांची दृष्टि कसलेली होती. वॉर्डांत तासन् तास बसून त्यांनीं जें पाहिलें तें इतरांच्या समजुतीच्या अगदीं उलट होतें. आक्रोश संपतो तो समाधानानें संपत नाहीं, निराशेनें संपतो. आणि निराशेनंतर जी शांतता येते ती अलिप्तता असते. मुलानें आईची आशाच सोडलेली असते. ज्यास सर्व जण बरें होण्याचें लक्षण समजत होते, तोच घाव होता.

ही गोष्ट शब्दांनीं कोणास पटेना. तेव्हां रॉबर्टसन यांनीं एक लहानसा कॅमेरा मिळविला आणि शस्त्रक्रियेसाठीं आठ दिवस रुग्णालयांत राहणाऱ्या एका अडीच वर्षांच्या आंतल्या मुलीचें चित्रण केलें. आपल्याला हवे तेवढेच प्रसंग निवडले असा आरोप येऊं नये म्हणून त्यांनीं चित्रणाच्या वेळा आधींच ठरवून ठेवल्या व वॉर्डांतील घड्याळहि चित्रांत दिसेल असें केलें. ती मुलगी फार रडणारी नव्हती. ओठ आवळून रडें दाबणारी होती. घरीं जाण्याच्या दिवशीं आई तिला न्यावयास आली, तेव्हां ती आईबरोबर निघाली खरी, पण तिनें आईचा हात धरला नाहीं.

नोव्हेंबर १९५२ मध्यें हा चित्रपट लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्यें डॉक्टर व परिचारिका यांच्यापुढें दाखविण्यांत आला, तेव्हां सभेंत मोठा संताप उसळला. हा आमच्या धंद्याचा अपमान आहे, असें पुष्कळांनीं म्हटलें. आम्हांस त्या संतापाचें नवल वाटत नाहीं. जन्मभर ज्या मुलांची सेवा केली त्यांनाच आपल्या हातून इजा होत होती, हें ऐकून कोणाचें मन स्थिर राहील? पण संतापलेल्यांपैकीं एक, डॉ. डर्मॉड मॅकार्थी, आपल्या वॉर्डांत परत गेले आणि तेथें त्यांस मुलांचें रडें जणूं प्रथमच ऐकूं आलें. तें पूर्वीं नव्हतें असें नाहीं. कान त्यास सरावले होते. मॅकार्थी यांनीं आयांस मुलांजवळ राहण्याची मोकळीक दिली. न्यूकॅसल येथें जेम्स स्पेन्स यांनीं तर आयांस मुलांबरोबर ठेवून घेण्याचा प्रघात १९२५ च्या सुमारासच पाडला होता. परंतु चांगलें उदाहरण डोळ्यांपुढें असूनहि इतर संस्था त्याचें अनुकरण करतातच असें नाहीं.

पुढें सर हॅरी प्लॅट यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें १९५९ सालीं शिफारस केली कीं, मुलांस भेटण्यावर वेळेचें बंधन नसावें, लहान मुलांच्या आयांची राहण्याची सोय करावी आणि काय होणार आहे हें मुलास आधीं समजावून सांगावें. शिफारस झाली म्हणून वॉर्डांचीं दारें लगेच उघडलीं नाहींत. १९६१ मध्यें आयांनीं स्वतःची संघटना काढली आणि एकेका रुग्णालयाच्या मागें लागून हा पालट घडवून आणला.

आमच्या देशांत रुग्णाच्या उशाशीं घरचें माणूस बहुधा असतेंच, म्हणून हा विशिष्ट घाव आमच्या मुलांस कमी बसला असेल. परंतु त्यावरून आपल्या सर्व संस्था निर्दोष आहेत असें समजूं नये. ज्या स्त्रीचा नवरा अपघातांत गेला तिला तीच हकीकत चौकींत, रुग्णालयांत, तहसील कचेरींत आणि विम्याच्या खिडकीपुढें, रांगेंतील सर्वांच्या देखत, सांगावी लागते. प्रत्येक मेजावरचा मनुष्य आपलें कर्तव्यच करीत असतो. तो घाव कोणा एकानें घातलेला नसतो. चार मेजें एकमेकांशीं बोलत नाहींत म्हणून तो बसतो.

या विचारास आतां एक शास्त्र लाभलें आहे. अमेरिकेंत १९९८ मध्यें प्रसिद्ध होऊं लागलेल्या एका मोठ्या पाहणींत सॅन दिएगो येथील सतरा हजारांहून अधिक प्रौढ माणसांस त्यांच्या बालपणाविषयीं विचारण्यांत आलें. जवळजवळ दोन-तृतीयांश लोकांनीं मारहाण, उपेक्षा, घरांतील व्यसन यांसारखा निदान एक दुःखद अनुभव सांगितला. हीं माणसें वेड्यांच्या इस्पितळांतील नव्हतीं, तुमच्या-आमच्यासारखीं नोकरी-धंदा करणारीं होतीं. म्हणून दुखावलेलीं माणसें हुडकून त्यांस वेगळें वागविण्याचा मार्ग खरा नव्हे. खिडकीपुढें उभा राहणारा कोणीहि तसा असूं शकेल असें धरून सर्वांसाठींच रीत बदलावी. मॅक्सीन हॅरिस व रॉजर फॅलट यांनीं २००१ सालीं हेंच प्रतिपादन करून सुरक्षितता, विश्वास, निवडीची मोकळीक, सहकार्य आणि माणसाच्या सामर्थ्याची वाढ हीं पांच तत्त्वें सेवासंस्थांपुढें ठेविलीं.

हीं नांवें भारदस्त असलीं तरी आचरणांत त्यांचें रूप अगदीं साधें असतें. सुई टोंचण्यापूर्वीं सांगणें. दार उघडें ठेवूं कीं लावूं असें विचारणें. किती वेळ बसावें लागेल हें खरें सांगणें आणि उशीर झाल्यास येऊन पुनः सांगणें. एकदां लिहून घेतलेली हकीकत पुढच्या मेजावर पोंचविणें. यांपैकीं बहुतेक गोष्टींस पैसा लागत नाहीं. कांहींस लागतो, आणि तो मागतांना संकोच करूं नये.

आमच्या देशाच्या कायद्यानेंहि या दिशेनें पाऊल टाकलें आहे. मुलांवरील लैंगिक अत्याचारांसंबंधींच्या २०१२ च्या कायद्यानें असें ठरविलें आहे कीं, मुलाचा जबाब त्याच्या घरीं किंवा तें म्हणेल त्या ठिकाणीं, शक्य तों स्त्री-अधिकाऱ्यानें घ्यावा; त्या वेळीं पोलिसाच्या अंगावर गणवेश नसावा; मुलास रात्रीं चौकींत ठेवूं नये; न्यायालयांत त्यास वारंवार बोलावूं नये, मधून मधून विसांवा द्यावा आणि दरडावून प्रश्न विचारूं देऊं नयेत. गणवेश उतरविण्याची ही अट लहान दिसते, पण ती ज्यानें घातली त्यास मुलाच्या उंचीवरून जग कसें दिसतें हें ठाऊक असलें पाहिजे.

येथें सेवा करणाऱ्यांचीहि बाजू मांडली पाहिजे. इझाबेल मेंझीज यांनीं लंडनच्या एका रुग्णालयांतील परिचारिकांचा अभ्यास करून १९६० मध्यें एक निबंध प्रसिद्ध केला. तेथें रुग्णास नांवानें न संबोधितां 'दहाव्या खाटेवरचें यकृत' असें म्हणत! मेंझीज यांनीं त्यांस दोष दिला नाहीं. रोज मरण व वेदना पाहणाऱ्या तरुण मुलींस आपलें मन वांचविण्याचा तेवढाच उपाय संस्थेनें शिकविला होता, असें त्यांनीं दाखविलें. दिवसभर दुसऱ्याचें दुःख ऐकणाऱ्या हवालदारास, परिचारिकेस, शिक्षकास आपला भार हलका करण्यास जागा नसेल, तर त्याचें मन कठोर होणारच. मग त्यास कितीहि व्याख्यानें द्या.

शाळा ही सुद्धां लोकसेवेची संस्थाच आहे. आमच्या पालकांस येथें दोन गोष्टी सुचवितों. घरांत मृत्यु, आग, मोठें भांडण किंवा स्थलांतर असें कांहीं घडलें असल्यास सर्व तपशील सांगितलाच पाहिजे असें नाहीं. 'सध्यां घरीं कठीण दिवस आहेत' एवढी चिठ्ठी वर्गशिक्षकांस पुरे. दुसरें असें कीं, जो मुलगा पूर्वीं खोडकर होता व आतां अगदीं शहाण्यासारखा बसतो, त्याची वाखाणणी करण्यापूर्वीं त्यास जवळ बसवून घ्यावें. आणि विद्यार्थ्यांस एवढेंच सांगणें आहे कीं, पुष्कळ दिवसांनीं वर्गांत परत आलेल्या सोबत्यास 'काय झालें होतें रे?' असें चौघांत विचारूं नये. त्यास आपल्या बांकावर जागा द्यावी, चुकलेला अभ्यास उतरवून द्यावा. बोलावयाचें असेल तेव्हां तो बोलेल.

शाळेच्या बाजूनेंहि करण्यासारखें आहे. दर जूनमध्यें वर्गांत उभें करून मुलांकडून वडिलांचें नांव व धंदा वदवून घेण्याची रीत अनेक शाळांत होती, व कोठें कोठें अजून आहे. ज्याचे वडील वारले आहेत, किंवा घर सोडून गेले आहेत, त्या मुलास चाळीस जणांपुढें उभें राहून काय सांगावें लागतें याचा विचार ती रीत घालणाऱ्यानें केला नसावा. ही माहिती कागदावर घेतां येते. तो कागद पालकांनीं घरीं भरावा, बंद पाकिटांतून कचेरींत द्यावा, आणि एकदां घेतलेली माहिती पुढच्या वर्षीं पुनः विचारूं नये.