कपाटातली अर्धी बाटली

आमच्या घरात कोणी पीत नाही, असे ठणकावून सांगणारी घरे आज आपल्या समाजात पुष्कळ आहेत. ही धम्मक्रांतीची कमाई आहे आणि तिचा अभिमान जरूर बाळगावा. पण अशाच कित्येक घरांत, साड्यांच्या घडीमागे नाहीतर माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत, एक उघडलेली अर्धी बाटली पडून असते. मुलाला कंपनीतून कोणी भेट दिलेली असते. जावयाच्या पाहुणचारातून उरलेली असते. मिलिटरीतून रिटायर झालेल्या काकांनी कॅन्टीनच्या कोट्यातली रम 'असू द्या घरात' म्हणून दिलेली असते. नाहीतर सुनेच्या बाळंतपणात आजीने आणवलेली ब्रँडी असते, आणि ते बाळ आता दहावीला बसलेले असते.

वस्तीत काम करताना बायका हा प्रश्न दबक्या आवाजात विचारतात. "भाऊ, पडून आहे बाटली. महागाची आहे म्हणतात. तिचं काय करायचं?" प्रश्न साधा वाटतो. पण टाकवत नाही म्हणून ठेवलेली ही बाटली पुढे कोणाच्या तरी हातात जाते. कोणाच्या, तेच पाहायचे आहे.

आधी एक गैरसमज काढून टाकू. दारू जितकी जुनी तितकी चांगली, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. व्हिस्की, रम, ब्रँडी मुरते ती लाकडी पिंपात, काचेच्या बाटलीत नाही. आपल्याकडच्या बाटलीवर बहुधा ४२.८ टक्के असे छापलेले असते. एवढ्या तीव्रतेची दारू सहसा नासत नाही, पण एकदा बूच उघडले की तिचा वास-चव उतरत जाते आणि ती हळूहळू उडून जाते. बिअर एक-दोन दिवसांत पाणचट होते. वाईन काही दिवसांत आंबट होऊन सिरक्याच्या वाटेला लागते. म्हणजे ठेवून तिची किंमत वाढत नाही. आणि जिच्यावर लेबल नाही, जिचे बूच बदललेले आहे, अशा बाटलीबद्दल तर चर्चाच नको. मिथेनॉल मिसळलेले असेल तर ते वासावरून किंवा चवीवरून ओळखता येत नाही. मुंबईत मालाडच्या मालवणीत जून २०१५ मध्ये शंभराहून अधिक माणसे गेली, ती अशाच विषारी दारूने. बहुतेक सारी हातावर पोट असलेली.

'औषधाला असू द्यावी' हे सर्वांत आवडते कारण. थंडी वाजली की ब्रँडीचा घोट घेतल्यावर ऊब येते हे खरे, पण ती कातडीपुरती. रक्त कातडीकडे येते म्हणून गरम वाटते आणि त्याच वाटेने अंगातली उष्णता बाहेर निघून जाते. लहान बाळाला सर्दीसाठी चमचाभर देणे हा तर जिवाशी खेळ आहे. दारूने लेकराच्या रक्तातली साखर एकदम उतरते, फिट येऊ शकते, शुद्ध हरपू शकते. छातीला, पोटाला चोळू नये, कारण बाळाच्या नाजूक कातडीतून आणि श्वासातून ती अंगात जाते. घरात टीबीच्या गोळ्या चालू असतील तर 'टॉनिक' म्हणून दिलेला घोट थेट लिव्हरवर घाला घालतो. २०२० च्या कोरोनात काहींनी व्हिस्की हाताला चोळली. जंतू मरायला सॅनिटायझरमध्ये किमान ६० टक्के अल्कोहोल लागते. व्हिस्कीत ते नाही, तेव्हा तोही उपयोग बाद. आणि खेळता खेळता एखाद्या मुलाने बाटली तोंडाला लावलीच, तर त्याला ओकारी काढायला लावू नका. बाटली सोबत घेऊन सरळ दवाखाना गाठा.

औषधाचा प्रश्न भगवान बुद्धांपुढेही आला होता. विनयपिटकाच्या महावग्गात पिलिंदवच्छ स्थविरांची हकीकत आहे. त्यांना वाताचा त्रास होता. वैद्यांनी औषधी तेल काढायला सांगितले आणि त्यात मद्य घालावे लागत होते. भगवंतांनी परवानगी दिली. तेव्हा काही भिक्खूंनी सवलतीचा फायदा घेऊन तेलात मद्यच जास्त ओतले, आणि ते पिऊन त्यांना नशा चढली. मग नियम घट्ट झाला. मद्याचा रंग, वास, चव काहीच कळणार नाही इतकेच असेल तर ते तेल प्यावे, एरवी नाही. आता जास्त मद्य घालून आधीच काढून ठेवलेल्या तेलाचे काय करायचे? तर ते अंगाला चोळण्यासाठी ठेवा, असा निवाडा झाला. म्हणून डॉक्टरने लिहून दिलेल्या खोकल्याच्या औषधात थोडे अल्कोहोल असले तर कोणी मनाला लावून घेऊ नये. पण 'औषध' हा शब्द पुढे करून बाटली कपाटात ठेवायची युक्ती अडीच हजार वर्षांची आहे, एवढे त्यावरून कळते.

एका तरुणाने मला अडवले होते. "प्रतिज्ञा 'पिणार नाही' अशी आहे, 'ठेवणार नाही' अशी कुठे आहे?" पोरगा वकिलीला जायला हरकत नाही! १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतली सतरावी प्रतिज्ञा न पिण्याचीच आहे, हे खरे. पण जी वस्तू आपण पिणार नाही, ती जपून कोणासाठी ठेवायची?

बहुतेक घरांत उत्तर तयार असते. वॉचमनला देऊन टाकू. झाडूवाल्याला देऊ, खूश होईल. मांडव घालणाऱ्या पोरांना देऊ. आपल्या हातून पाप जाते आणि वर उपकारही होतो. पण तो वॉचमन, तो झाडूवाला कोण? निम्म्या वेळी तो आपलाच बांधव असतो. दिवसभर राबून तो घरी जाणार आणि त्याची बायको दारात वाट पाहत असणार.

काही दिवसांमागे एका घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. घरधनी लिव्हरच्या आजाराने गेले होते. बुद्ध-बाबासाहेबांचे फोटो मांडायला जागा करायची म्हणून कपाट सरकवले, तर मागे बाटली निघाली. निम्म्याहून जास्त भरलेली. सगळे गप्प. एक नातेवाईक म्हणाला, "भारी कंपनीची आहे, ओतू नका, मांडववाल्याच्या पोराला देऊन टाका." त्या बाईंनी बाटली त्याच्या हातून घेतली. म्हणाल्या, "ज्यानं ह्यांना नेलं ते मी दुसरीच्या लेकराला देऊ होय?" मोरीत ओतली, वरून दोन बादल्या पाणी टाकले, हात धुतले आणि वंदनेला येऊन बसल्या. भंतेजींनाही काही वेळ बोलता आले नाही.

श्रद्धेने दिलेली दारूसुद्धा माणसाला पाडते. सागत नावाचे स्थविर मोठे सामर्थ्यवान. त्यांनी एका भयंकर नागाला नमवले, अशी कथा आहे. ते कोसंबीला आले तेव्हा उपासकांनी भक्तिभावाने घरोघरी उंची मद्य तयार ठेवले. 'भंते, आमच्याकडेही घ्या' असे दारोदारी झाले आणि नगराबाहेर पडताना स्थविर वेशीतच कोसळले. भगवंतांनी भिक्खूंना विचारले, आता ह्याला पाणसाप तरी नमवता येईल काय? भिक्खूंना मद्य वर्ज्य झाले ते या प्रसंगावरून. त्या घरांतल्या एकाचाही हेतू वाईट नव्हता, हे लक्षात घ्यावे.

विकायचा तर विचारही नको. उपासकाने जे पाच व्यापार करू नयेत असे सांगितले आहे, त्यांत मद्याचा व्यापार आहे. कायद्यानेही परवान्याशिवाय विक्री हा गुन्हा आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे आपल्या राज्यात दारू बाळगायलासुद्धा परवाना लागतो, हे पुष्कळांना ठाऊकच नसते. वर्धा आणि गडचिरोली या दारूबंदीच्या जिल्ह्यांत पाहुण्याला भेट म्हणून न्याल तर प्रकरण आणखी अंगाशी येईल.

तेव्हा बाटली मोरीतच ओतावी. ओतताना गॅस, स्टोव्ह, मेणबत्ती बंद असावी, कारण तिची वाफ पेट घेते. नळ सोडून भरपूर पाणी टाकावे, दारू पाण्यात पूर्ण विरघळते. रिकाम्या बाटलीत फिनेल, ॲसिड, रॉकेल भरून ठेवू नये, चुकून पिण्याचे प्रकार त्यातूनच घडतात. शोकेसमध्ये मनीप्लांट लावून तिला मानाची जागा देणारेही आहेत, त्यांच्यापुढे मी हात टेकले. बाटली फोडू मात्र नका. कचऱ्यात हात घालणारी बाई कोणत्या वस्तीतून येते हे आपल्याला सांगायला नको. लेबल भिजवून खरवडून काढा, बूच वेगळे टाका आणि मग भंगारात द्या. बुचासकट, लेबलासकट बाटली गेली की बनावट दारू भरणाऱ्याला ती आयती सापडते.

जिथे पिणारा माणूस घरातच आहे, तिथली गोष्ट वेगळी. तिथे तो प्यालेला असताना त्याच्यासमोर बाटली ओतू नका. मार खाल्लेल्या भगिनी मी पाहिल्या आहेत. सकाळी तो शुद्धीवर असताना बोलावे, सोबत घरातले एखादे वडीलधारे असावे. दुसरे, वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडणे जिवावर बेतू शकते. पहिल्याच दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी भलतेच काही दिसू लागते, माणसे ओळखू येत नाहीत. याला भूतबाधा समजून अंगारे-धुपारे करणारे आपल्यातही अजून आहेत! हा आजार आहे आणि त्याला इलाज आहे. सरकारी मोठ्या रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात आधी दाखवावे, डॉक्टरच्या सल्ल्यानेच सोडवावी. पुण्याचे मुक्तांगण केंद्र १९८६ पासून हेच काम करीत आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभांना फी नसते, आणि घरच्यांसाठी अल-अनॉनच्या वेगळ्या सभा असतात. सोडल्यानंतरचे पहिले काही दिवस रात्री घरात एकजण जागे असावे, आणि जवळच्या दवाखान्याला रिक्षा कुठून मिळेल ते आधीच ठरवून ठेवावे.