‘कायदा झाला, आता ओरडून काय उपयोग?’

हा प्रश्न साखरशेतसारख्या गावात विचारला जातो तसा मुंबईतही. इंटरनेटच्या कायद्यांबाबत त्याचं उत्तर आपल्याच पालघरने दिलं आहे.

गैरसमज : संसदेने मंजूर केलं की लढाई संपली.
माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ६६-अ आणणारी दुरुस्ती डिसेंबर २००८ मध्ये जवळपास चर्चेविना मंजूर झाली. ‘अत्यंत आक्षेपार्ह’ संदेश पाठवला तर तीन वर्षांपर्यंत कैद. आक्षेपार्ह काय, हे व्यवहारात पोलीस ठाण्यातले साहेबच ठरवणार! नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर लिहिलं, मैत्रिणीने ते लाइक केलं. दोघींना अटक झाली. त्याच महिन्यात श्रेया सिंघल ही तरुणी या कलमाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली. मग इतरांच्या याचिका जोडल्या गेल्या आणि २४ मार्च २०१५ रोजी अख्खं कलम घटनाबाह्य ठरलं. कलम लागू होऊन तेव्हा पाच वर्षं उलटली होती.

गैरसमज : आता नेटवर काहीही लिहावं.
अजिबात नाही. बदनामी, दोन समाजांत तेढ लावणं, अश्लील मजकूर पसरवणं हे आजही गुन्हेच आहेत. सरकारला मजकूर बंद करण्याचा अधिकार देणारं कलम ६९-अ तर याच निकालात टिकलं.

गैरसमज : न्यायालयात जिंकलो, विषय मिटला.
सगळ्यात महागात पडणारी समजूत हीच. निकालानंतरही देशभरात पोलीस ठाण्यांत ६६-अ खाली गुन्हे नोंदले जात राहिले. पीयूसीएल ही नागरी हक्क संघटना पुन्हा न्यायालयात गेली. २०१९ मध्ये निकालाच्या प्रती सर्व राज्यांच्या मुख्य सचिवांकडे पाठवण्याचे आदेश झाले. तरी भागलं नाही, म्हणून ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं, की या कलमाखाली कुणावरही खटला चालवता येणार नाही. मेलेलं कलम पुरायला सात वर्षं लागली, आणि तीही कुणीतरी मागे लागलं म्हणून.

तुमच्या हाती आलेल्या कागदावर ६६-अ दिसलं, तर २०१५ च्या निकालाची तारीख दाखवा आणि तालुका विधी सेवा समितीकडे जा. अनुसूचित जमातीच्या व्यक्तींना आणि महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.