बोली शिकवणे हाही एक व्यवसाय!

पाहुण्यांसमोर पोरगं 'मला ठावं न्हाई' म्हणालं, की आपण लगेच दटावतो, 'नीट बोल की!' दटावण्याआधी जरा थांबा. नटांना अशी गावची बोली शिकवून पोट भरणारी माणसे आज सिनेमाच्या धंद्यात आहेत. त्यांना बोली-प्रशिक्षक म्हणतात.

'दंगल' हा सिनेमा २०१६ साली आला. गोष्ट हरियाणातल्या बलाली गावची. पण आमीर खान मुंबईचे, तर झायरा वसीम काश्मीरची. त्यांना हरियाणवी शिकवली सुनीता शर्मा यांनी. त्याच वर्षी आलेल्या 'सैराट'मधली रिंकू राजगुरू अकलूजचीच. सोलापूरकडची बोली तिला कुणी शिकवावी लागली नाही.

हे प्रशिक्षक करतात काय? आधी संवादांच्या कागदावर एकेका शब्दाचा उच्चार लिहून ठेवतात. त्या भागातल्या माणसांचं बोलणं रेकॉर्ड करून नटाला ऐकवतात, पुन्हा पुन्हा म्हणवून घेतात. शूटिंगला हजर राहून चूक तिथंच दुरुस्त करतात. नुसते शब्द पुरत नाहीत. हेल कुठं, दम कुठं घ्यायचा, हेही बघावं लागतं. कोल्हापूरकडं बाईमाणूसही 'मी येतो' म्हणते. पुण्याची नटी तिथं 'येते' म्हणाली, की गाववाल्याच्या कानाला लगेच खटकतं. वऱ्हाडात 'काय करून राह्यला?', तर मालवणात 'काय करतंस?' हा फरक सांगता आला पाहिजे आणि शिकवताही आला पाहिजे.

मात्र भुलून जाऊ नका. यात महिन्याचा बांधील पगार नाही; सिनेमा असेल तेव्हा काम. नुसती बोली येऊन भागत नाही, प्रमाण मराठीही चोख हवी. आवाजाचं शिक्षण हवं असेल, तर पुण्याचे ललित कला केंद्र आणि दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय आहे. मुलाला गोडी असेल तर तिथं चौकशी करा. पण शेत विकून त्याला मुंबईला धाडू नका.

ग्रामसेवक आणि गुरुजींना एक विनंती. गावातल्या म्हाताऱ्या माणसांचं बोलणं, त्यांची परवानगी घेऊन, मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. अवजारांची, पिकांची, नात्यागोत्यांची नावं त्यांच्याच तोंडून येऊ द्या. सोबत गाव आणि तारीख लिहा. ही माणसं गेल्यावर ते शब्द कुठल्याच दुकानात मिळणार नाहीत.

पुस्तकातली भाषा शाळा शिकवेलच. घरच्या बोलीची लाज मात्र पोरांना आपण लावू नये.